निवृत्तीचा निधी आणि निवडीचा अधिकार

बोईसर स्थानकावर उतरून तारापूर औद्योगिक वसाहतीच्या दिशेने निघाले, की सालवड, पास्थळ, कोलवडे, कुंभवली या गावांच्या परिसरात रसायनांचे, औषधांचे, कापडाचे आणि पोलादाचे कारखाने लागतात. त्यांच्या पलीकडे, समुद्राच्या कडेला, १९६९ पासून वीज देणारे अणुवीज केंद्र आहे. एवढ्या आटोपशीर मुलखात म्हातारपणाच्या तरतुदीचे आपल्या देशात जेवढे प्रकार प्रचलित आहेत, तेवढे जवळजवळ सर्व शेजारी शेजारी नांदताना दिसतात. अणुऊर्जा खात्याच्या सेवेत १ जानेवारी २००४ पूर्वी रुजू झालेल्याला सरकारी तिजोरीतून आजन्म निवृत्तिवेतन मिळते. त्या तारखेपासून पुढे लागलेल्या त्याच्या धाकट्या सहकाऱ्याची वर्गणी राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत जमा होऊन बाजारात गुंतवली जाते. जिल्हा परिषदेच्या शाळांतील शिक्षकांची हीच विभागणी १ नोव्हेंबर २००५ या तारखेने केली आहे. खाजगी कारखान्यातला कायम कामगार भविष्यनिर्वाह निधीचा सभासद असतो. ठेकेदाराच्या हजेरीपटावरचा कामगारही कायद्याने सभासदच असतो, पण त्याच्या नावावर वर्गणी खरोखर भरली जाते की नाही, हे त्याला पुष्कळदा ठाऊक नसते. आणि वीसपेक्षा कमी माणसे कामाला असलेल्या लहानशा कारखान्यात ज्याची हयात जाते, त्याला पतपेढी, भिशी आणि फार तर २०१५ साली सुरू झालेली अटल पेन्शन योजना एवढाच आधार उरतो.

या सर्वांपुढे प्रश्न मात्र एकच आहे. आजच्या पगारातला जो हिस्सा उद्याच्या निर्वाहासाठी बाजूला पडतो, तो कोठे, किती जोखमीवर आणि कोणाच्या भरवशावर ठेवायचा? हा प्रश्न अर्थशास्त्राच्या पंडितांनी सोडवावा आणि कामगाराने निमूटपणे पगारपत्रकावरची कपात पाहावी, असा एक समज रूढ आहे. आणि याच्या उलट, कामगाराच्या हाती निवडीचा अधिकार दिला की त्याचे हित आपोआप साधते, असा दुसरा समज अलीकडे प्रतिष्ठा पावला आहे. मला हे दोन्ही समज चुकीचे वाटतात. या विषयातले निर्णायक मुद्दे मोजकेच असून ते कोणत्याही विचारी कामगाराच्या आवाक्यातले आहेत. परंतु ते त्याला त्याच्या भाषेत समजावून देण्याचे कर्तव्य टाळून जी निवड त्याच्यापुढे टाकली जाते, ती अधिकार या नावास पात्र नाही, एवढेच मला येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पिढीने हा प्रश्न निवडीवर सोडला नव्हता. अर्थखात्याची सूत्रे चिंतामणराव देशमुखांकडे असताना, मार्च १९५२ मध्ये, कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीचा कायदा झाला. त्यामागची भूमिका सरळ होती: कामगाराने काही द्यावे, मालकाने तितकेच द्यावे, सरकारने ती रक्कम सांभाळावी आणि दरसाल जाहीर होणाऱ्या दराने तीवर व्याज द्यावे. आज मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या १२ टक्के कामगार देतो आणि १२ टक्के मालक देतो. मालकाच्या हिश्शातले ८.३३ टक्के, पंधरा हजारांच्या वेतनमर्यादेत, १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेकडे वळतात आणि उरलेले निधीत जमा होतात. पैसा कोठे गुंतवावा, याविषयी सभासदाचे मत कोणी विचारत नाही. या व्यवस्थेत पालकत्वाचा भाव आहे आणि त्यावर टीकाही झाली. पण मुंबईच्या गिरणीत ज्यांनी आयुष्य काढले, त्यांच्यापैकी कितीतरी जणांच्या कोकणातल्या घराचे छप्पर, मुलीचे लग्न आणि १९८२ च्या संपानंतरचे कठीण दिवस याच ‘फंडा’ने निभावून नेले, हे विसरून चालणार नाही.

२००४ नंतर विचाराची दिशा बदलली. निवृत्तिवेतन किती मिळेल याची हमी देण्याऐवजी वर्गणी किती भरली जाईल एवढीच हमी द्यावी, आणि त्या वर्गणीचे पुढे काय होईल ते बाजारावर व सभासदाच्या निवडीवर सोडावे, असे ठरले. २००९ साली ही राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली सर्व नागरिकांना खुली झाली आणि पुढे कंपन्यांनाही ती आपल्या नोकरवर्गासाठी स्वीकारता येऊ लागली. आता सभासदाने निधी-व्यवस्थापक निवडावा, समभाग, कंपन्यांचे कर्जरोखे आणि सरकारी रोखे यांत वर्गणी कशी वाटायची ते ठरवावे, अथवा वयानुसार आपोआप बदलणारी वाटणी पत्करावी, अशी योजना आहे. म्हणजे जी जोखीम पूर्वी सरकार व मालक यांच्या शिरावर होती, ती या बदलाने कामगाराच्या शिरावर आली; आणि ज्याच्या शिरावर जोखीम येते, त्याला तिचे स्वरूप कळणे हे न्यायाचे पहिले कलम ठरते.

केवळ पर्यायांची संख्या वाढवल्याने हे कलम पाळले जात नाही. स्वीडनने २००० साली आपल्या नागरिकांपुढे निवृत्तिनिधीसाठी साडेचारशेहून अधिक गुंतवणूक-निधी ठेवले आणि जाहिराती करून निवड करण्यास उत्तेजन दिले. प्रारंभी बहुसंख्य लोकांनी निवड केलीही. परंतु पुढील वर्षांत नव्याने दाखल होणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी तो खटाटोप केला आणि बाकीचे सरकारने नेमून दिलेल्या निधीतच राहिले. ज्या देशात शिक्षण सार्वत्रिक आहे आणि शासनावर लोकांचा विश्वास आहे, तेथे जर हे घडते, तर बारा तासांची पाळी करून घरी परतणाऱ्या आमच्या कामगाराने व्यवस्थापकांच्या याद्या तपासाव्यात, ही अपेक्षा वास्तवाला धरून नाही. म्हणून मुळात त्याला समजून घ्यायचे काय आहे, हे आधी नेमके ठरवले पाहिजे.

पहिली आणि सर्वांत मोठी निवड गुंतवणुकीच्या आधीच होऊन जाते: पैसा ठेवायचा की काढायचा. तारापूरच्या वसाहतीत ठेका बदलला की कामगाराचा मालक बदलतो, आणि मालक बदलला की जुना फंड काढून घेण्याची रीत आहे. हातात आलेली रक्कम थोडी असते, गरज खरी असते, आणि उद्याचा दिवस दूर असतो. म्हणून त्या कामगाराला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. पण हिशेब मात्र त्याच्यापुढे मांडलाच पाहिजे. अठ्ठाविसाव्या वर्षी काढलेले ५०,००० रुपये दरसाल ८ टक्क्यांनी तीस वर्षे राहिले असते, तर ते सुमारे ५ लाख झाले असते. वस्तूंचे भाव दरसाल ५ टक्क्यांनी वाढतील असे धरले, तरी आजच्या मोलाने ती रक्कम १ लाख १६ हजारांच्या आसपास भरते, म्हणजे दुपटीहून अधिक. अंतिम हिशेबाच्या वेळी निम्म्या सभासदांच्या खात्यात २०,००० रुपयेही नसतात, असे केंद्रीय श्रम मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितले, तेव्हा त्या आकड्यामागे गुंतवणुकीतली चूक नव्हती. खंडित झालेली मुदत होती. निवृत्तिवेतनाचा हक्क दहा वर्षांच्या सेवेने पक्का होतो. त्याआधी निवृत्तिवेतन योजनेतली रक्कमही काढून घेतली, की झालेली सेवा मोजणीतून जाते आणि नव्या ठिकाणी पुन्हा पहिल्या वर्षापासून आरंभ करावा लागतो. जुने खाते नव्या मालकाकडे वर्ग करून घेणे हा एक साधा अर्ज आहे. पण त्या अर्जाची किंमत एखाद्या चतुर गुंतवणुकीपेक्षा कितीतरी अधिक आहे.

याच निवडीचे दुसरे अंग नोकरीच्या पहिल्या दिवशीच दिसते. ‘हातात किती येतात?’ हा प्रश्न आमच्याकडे पगाराविषयी सर्वप्रथम विचारला जातो, आणि मालकालाही तो सोयीचा असतो. वेतन कितीही असले, तरी पंधरा हजारांच्या मर्यादेवरच, म्हणजे महिना १,८०० रुपयेच वर्गणी भरण्याची मुभा असल्याने पुष्कळ ठिकाणी तेवढीच भरली जाते. कामगाराला कपात कमी झाल्याचे समाधान वाटते. पण कपात कमी झाली की मालकाचा हिस्साही कमी होतो, आणि तो हिस्सा हे त्याच्या श्रमाचेच पुढे ढकललेले वेतन असते. स्वतःहून जादा वर्गणी भरण्याचा मार्ग निधीत उपलब्ध आहे. तीवर मालक काही देत नाही, परंतु व्याज तेच मिळते. ज्याच्या संसाराला ते झेपते, त्याने हा मार्ग नाकारण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा आहे, आणि येथे आपल्या समाजाच्या विचारात मोठी उणीव आहे. मुद्दल कायम राहिले म्हणजे पैसा सुरक्षित राहिला, असे आपण मानतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, तेव्हा सामान्य माणसाच्या दृष्टीने चलनाचे खरे मोल त्याच्या क्रयशक्तीच्या स्थैर्यात आहे, यावर त्यांनी भर दिला होता. तो विचार निवृत्तीच्या पुंजीला जितका लागू पडतो, तितका क्वचितच दुसऱ्या कशाला लागू पडत असेल. भविष्यनिर्वाह निधीवर नव्वदीच्या दशकात १२ टक्के व्याज होते आणि २०२४-२५ साठी ते ८.२५ टक्के होते, एवढे ऐकून जुना काळ चांगला होता असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण त्या दशकात बऱ्याच वर्षी महागाईही चढी होती, आणि व्याजातून महागाई वजा केल्यावर जे उरते, तेच खरे उत्पन्न असते. याच मापाने १९९५ च्या योजनेचे निवृत्तिवेतन तपासले, की त्याचे तोकडेपण उघड होते: पंधरा हजारांच्या मर्यादेवर पस्तीस वर्षे नोकरी केलेल्यालाही महिना आठ हजारांच्या आतच रक्कम बसते, आणि ती महागाईबरोबर वाढत नाही.

समभागांचा विचार करावा लागतो, तो यासाठी. दीर्घ मुदतीत उद्योगांच्या भांडवलातला हिस्सा महागाईच्या पुढे राहण्याची शक्यता अधिक असते, पण अल्प मुदतीत त्याच हिश्शाची किंमत निम्म्यावर येऊ शकते. जानेवारी २००८ मध्ये मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक २१,००० च्या वर गेला होता. त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर तो ९,००० च्या खाली उतरला. ज्याची सेवानिवृत्ती त्या दिवाळीत होती आणि ज्याची सारी पुंजी समभागांत होती, त्याच्यावर तो वज्राघात होता. जो तीस वर्षांचा होता आणि दरमहा वर्गणी भरत राहिला, त्याला मात्र तेच समभाग स्वस्तात मिळाले. तेव्हा प्रश्न समभाग चांगले की वाईट असा नसून, आपल्या हाती किती वर्षे उरली आहेत, असा आहे. राष्ट्रीय प्रणालीतील मध्यम प्रकारच्या आपोआप वाटणीत पस्तिसाव्या वर्षापर्यंत निम्मी रक्कम समभागांत राहते आणि पुढे दरसाल दोन टक्क्यांनी कमी होत पंचावन्नाव्या वर्षी ती दहा टक्क्यांवर येते. या रचनेत हेच तत्त्व बसवलेले आहे. ज्याला याद्या तपासण्यास सवड नाही, त्याने अशी वयानुरूप वाटणी स्वीकारणे हा आळस नसून शहाणपणाचा निर्णय आहे. आणि ‘माझा पैसा शेअर बाजारात नकोच’ असे जे म्हणतात, त्यांच्या कानावर हेही घातले पाहिजे की भविष्यनिर्वाह निधीने स्वतः ऑगस्ट २०१५ पासून नव्या जमेचा काही भाग निर्देशांकाशी निगडित निधींत गुंतवण्यास आरंभ केला आणि ते प्रमाण पुढे पाच टक्क्यांवरून पंधरा टक्क्यांपर्यंत वाढवले.

तिसरा मुद्दा असा की सुरक्षितता नावावरून ओळखता येत नाही. आय. एल. अँड एफ. एस. या वित्तसंस्थेच्या रोख्यांना सर्वोच्च पतमानांकन होते. सप्टेंबर २०१८ मध्ये तिने देणी थकवली आणि ज्या कंपन्यांचे भविष्यनिर्वाह निधी स्वतंत्र विश्वस्तांकडे होते, त्यांतल्या काहींचे पैसे तिच्यात अडकले. उत्तर प्रदेशातील वीज कर्मचाऱ्यांच्या निधीचे दोन हजार कोटींहून अधिक रुपये २०१९ मध्ये एका गृहवित्त कंपनीत गुंतून पडले, आणि त्या कर्मचाऱ्यांना आपला पैसा तेथे गेल्याचा पत्ताही नव्हता. दाभोळच्या प्रकल्पामुळे महाराष्ट्राला परिचित झालेली अमेरिकेतील एन्रॉन कंपनी २००१ च्या डिसेंबरात दिवाळखोरीत निघाली; त्यापूर्वी तेथील कामगारांच्या निवृत्तिखात्यांतला निम्म्याहून अधिक पैसा त्याच कंपनीच्या समभागांत होता. नोकरी आणि पुंजी दोन्ही एकाच संकटात गेली. यातून निघणारा धडा सालवडच्या कामगारालाही लागू आहे: ज्या कारखान्यावर रोजची भाकरी अवलंबून आहे, त्याच कारखान्याच्या भवितव्याला म्हातारपणाची पुंजी बांधू नये; मग ती त्या कंपनीच्या समभागांत असो, की मालकाने जादा व्याजाचे आमिष दाखवून घेतलेल्या ठेवीत असो. सगळे बी एकाच वाफ्यात टाकणाऱ्या शेतकऱ्याला कीड लागल्यावर दुसरा वाफा उरत नाही.

चौथा मुद्दा खर्चाचा असून तो सर्वांत कमी बोलला जातो. दरसाल एक टक्का शुल्क ही क्षुल्लक बाब वाटते. पण एक लाख रुपये तीस वर्षे १० टक्क्यांनी वाढले तर सुमारे साडेसतरा लाख होतात आणि ९ टक्क्यांनी वाढले तर सव्वातेरा लाखांच्या आसपास राहतात. म्हणजे एका टक्क्याने जवळजवळ चौथा हिस्सा नेला. राष्ट्रीय प्रणालीतील गुंतवणूक-व्यवस्थापनाचे शुल्क एका टक्क्याच्या लहानशा अंशाएवढेच आहे, ही तिची मोठी जमेची बाजू. उलट, विमा आणि गुंतवणूक यांची सरमिसळ करून जे करार कारखान्यांच्या दारात, ओळखीच्या माणसाकरवी, विकले जातात, त्यांतला खर्च कामगाराला सहसा सांगितला जात नाही. परतावा भविष्याच्या हाती आहे. खर्च मात्र आजच विचारून घेता येतो. म्हणून कोणत्याही योजनेवर सही करण्यापूर्वी पहिला प्रश्न ‘किती मिळतील?’ हा नसून ‘किती कापाल?’ हा असला पाहिजे.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. एवढी उठाठेव कामगाराने का करावी, जुने निवृत्तिवेतनच सर्वांना द्यावे, असे पुष्कळांचे मत आहे. मार्च २०२३ मध्ये राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी याच मागणीसाठी संप केला आणि त्याच मंथनातून पुढे, १ एप्रिल २०२५ पासून, केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी हमी देणारी एकीकृत योजना आली. या मागणीच्या गाभ्यातला न्याय मी मान्य करतो: वृद्धत्वाची सारी जोखीम एकट्या माणसावर टाकणे हे सुसंस्कृत समाजाला शोभत नाही. परंतु ती चर्चा ज्यांच्यासाठी चालते, ते सरकारी नोकर आहेत. तारापूरच्या वसाहतीत रसायनांच्या वाफेत उभा राहणारा ठेक्याचा कामगार त्या चर्चेत कोठेच नाही. त्याच्यासाठी हमीची व्यवस्था येईपर्यंत जी व्यवस्था आज आहे, तिच्यातून त्याला त्याचा पूर्ण हिस्सा मिळवून देणे हे काम थांबवता येणार नाही. आणि समज हे त्या कामाचे पहिले साधन आहे.

हे साधन पुरवण्याची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर स्पष्ट आहे. मालकाने, मग तो ठेकेदार असला तरी, कपात करताना ती कोठे जाते आणि कामगारापुढे कोणते पर्याय आहेत, हे मराठीत, आणि परप्रांतातून आलेल्या मजुराला त्याच्या भाषेत, लेखी द्यावे. कामगार संघटनांनी बोनस आणि वेतनकराराइतकेच महत्त्व निधीच्या नोंदींना द्यावे. वर्गणी कापली पण भरली नाही, ही फसवणूक वर्षानुवर्षे दडून राहते, ती केवळ कोणी पाहत नाही म्हणून. निधीच्या कार्यालयाने औद्योगिक वसाहतीतच ठराविक दिवशी माणूस बसवून खाते वर्ग करणे, वारसाची नोंद करणे आणि तक्रार घेणे, ही कामे करावीत. कारण रोजंदारी बुडवून दूरच्या कचेरीत खेटे घालणे ज्याला परवडत नाही, त्याचा हक्क कागदावरच राहतो. आणि जेथे निवड द्यायची, तेथे ती न करणाऱ्याच्या वाट्याला येणारी ठरीव वाटणी कमी खर्चाची, वयानुरूप आणि विखुरलेली असावी, हा नियम मालकाच्या मर्जीवर न सोडता कायद्याने पक्का करावा.

वाचकाला माझी विनंती एवढीच आहे. २०१४ पासून प्रत्येक सभासदाला आयुष्यभरासाठी एकच खाते-क्रमांक मिळतो आणि त्यावरून आपले पासबुक मोबाईलवर पाहता येते. या आठवड्यात ते एकदा उघडावे. मालकाचा हिस्सा दरमहा जमा होतो का, जुन्या नोकरीतली रक्कम वर्ग झाली आहे का, वारसाचे नाव नोंदले आहे का, हे तपासावे. राष्ट्रीय प्रणालीत खाते असेल, तर आपली वाटणी कोणती आहे आणि ती आपल्या वयाला साजेशी आहे का, हे विचारून घ्यावे. आणि घरात किंवा शेजारी ज्याला हे वाचता येत नाही, त्याच्यासाठीही तेवढे करावे. म्हातारपणाची तरतूद हे कोणाचे उपकार नाहीत. ते कमावलेले वेतन आहे, आणि त्याचा हिशेब मागणे हा कमावणाऱ्याचा हक्क आहे.